प्रकृती ठणठणीत, पण उद्याचे काय?

जपानी माणसांच्या दीर्घायुष्याचे आपल्याकडे फार कौतुक आहे. ती माणसे काय खातात, किती चालतात, म्हातारपणीही परसबागेत कशी राबतात, हे आपण आवडीने वाचतो. ‘इकिगाई’ हे त्याविषयीचे पुस्तक मराठीतही आले आणि पुष्कळांनी ते वाचले. सप्टेंबर २०२५ मध्ये जपान सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे त्या देशात वयाची शंभर वर्षे पूर्ण केलेली ९९,७६३ माणसे होती. म्हणजे जवळजवळ एक लाख! त्या आजी-आजोबांच्या आहारावर या सदरात लिहावे, असे काही वाचकांनी सुचवले आहे. ते पुढे कधीतरी जरूर लिहीन. आज मात्र त्यांच्या पणतवंडांविषयी, तिथल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींविषयी लिहायचे आहे. शंभर वर्षे जगणाऱ्यांच्या या देशात आयुष्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पुष्कळ मुलांना उद्याची ओढ वाटत नाही. एक डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट रक्तदाब किंवा मधुमेहाइतकीच आरोग्याची वाटते.

लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत की सुदृढ शरीरात सुदृढ मन वसते. व्यायामशाळेच्या भिंतीवर हे वाक्य असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे ते हमखास म्हणतात. या वाक्याची खरी परीक्षा घ्यायची असेल तर जपानी मुलांकडे पाहावे. युनिसेफ या संस्थेने २०२० साली श्रीमंत देशांतल्या मुलांच्या स्थितीचा एक अहवाल काढला. त्यात ३८ देशांची तुलना होती. मुलांच्या शारीरिक आरोग्यात जपानचा क्रमांक पहिला आला. मानसिक स्वास्थ्यात त्याच जपानचा क्रमांक लागला ३७वा, म्हणजे शेवटून दुसरा. आपल्या आयुष्याबद्दल एकंदर समाधान आहे, असे सांगणारी पंधरा वर्षांची मुले तिथे १०० पैकी ६२ निघाली. २०२५ च्या अहवालातही शरीराच्या यादीत जपान पहिलाच राहिला आणि मनाच्या यादीत तळाच्या देशांत. एकाच मुलाचे शरीर वर्गात पहिले आणि मन जवळजवळ नापास, असा हा निकाल आहे.

शरीर कसे घडते

शरीर पहिले येते त्यामागे मेहनत आहे, हे आधी मान्य करू. तिथली बहुतेक मुले प्राथमिक शाळेत चालत जातात. दुपारचे जेवण शाळेत मिळते आणि त्याचा कायदा १९५४ सालचा आहे. जेवण आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरते. मुलेच पांढऱ्या टोप्या व अंगरखे घालून वाढपी होतात, शिक्षकही तेच ताट घेऊन वर्गात बसतात. जेवणानंतर वर्ग, जिना, व्हरांडा मुलेच झाडून पुसून घेतात. २००५ साली तर आहारशिक्षणाचा वेगळा कायदा झाला. मुलांमधील लठ्ठपणा तिथे कमी आहे, त्याचे श्रेय या सगळ्याला द्यायला हवे. यातील कितीतरी गोष्टी उचलण्यासारख्या आहेत आणि आपल्याकडे त्यांची चित्रे मोबाइलवर फिरतात, ती काही खोटी नाहीत. पण चित्रात झाडू मारणारा मुलगा दिसतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो काय विचार करतो, हे त्यात दिसत नाही.

मुले काय सांगतात

जपानच्या केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०१३ साली सात देशांतल्या १३ ते २९ वयाच्या मुलांना व तरुणांना काही प्रश्न विचारले. तुम्ही स्वतःवर समाधानी आहात का, या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारे जपानी ४५.८ टक्के होते. अमेरिकेत हे प्रमाण ८६ टक्के होते. शेजारच्या दक्षिण कोरियासह बाकीच्या सहाही देशांत ते ७० टक्क्यांच्या वर होते. भविष्याबद्दल आशा वाटते का, या प्रश्नाला इतर सहा देशांत ८० टक्क्यांहून अधिक जणांनी होकार दिला. जपानमध्ये ६१.६ टक्क्यांनी.

२०१९ साली तिथल्या निप्पॉन फाउंडेशनने नऊ देशांतल्या १७ ते १९ वयाच्या मुलांना विचारले की आपला देश, आपला समाज आपण बदलू शकू असे वाटते का. जपानमध्ये ‘होय’ म्हणणारे १८.३ टक्के होते. नऊ देशांत हा आकडा सर्वांत कमी. त्या नऊ देशांत आपला भारतही होता आणि आपल्याकडचा आकडा होता ८३.४ टक्के.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. जपानी समाजात स्वतःची बढाई मारणे असभ्य मानतात. ‘मी माझ्यावर खूश आहे’ असे चारचौघांत म्हणणे तिथल्या मुलाला जड जाते. प्रश्नपत्रिकेतही ते मधले उत्तर निवडते. म्हणून या टक्क्यांतला काही भाग विनयाचा आहे, असे मीही मानतो. पण विनयाने कोणी शाळा सोडून घरी बसत नाही.

आजारपण किंवा गरिबी यांसारखे कारण नसताना वर्षात ३० किंवा अधिक दिवस शाळेत न गेलेल्या मुलांची तिथे मोजणी होते. या प्रकाराला ‘फुतोको’ असे नाव आहे. २०२३-२४ या वर्षात प्राथमिक व माध्यमिक शाळांतल्या अशा मुलांची संख्या ३,४६,४८२ होती. पुढच्या वर्षी ती ३,५३,९७० झाली. यांत मोठा वाटा १२ ते १५ वयाच्या, म्हणजे तीन वर्षांच्या माध्यमिक शाळेतल्या मुलांचा. २०२३-२४ मध्ये त्या शाळांतल्या दर १५ मुलांमागे एक मूल असे होते. याहून दुःखद आकडा असा की २०२४ साली देशातल्या एकूण आत्महत्या कमी होऊन नोंदी सुरू झाल्यापासूनच्या दुसऱ्या नीचांकावर आल्या, पण शाळकरी मुलांच्या मात्र ५२९ झाल्या, तोवरच्या सर्वांत जास्त. मोठ्यांना वाचवायला शिकलेल्या देशाला मुलांचे मन अजून हाती लागलेले नाही.

एका आकड्यात मावलेले भविष्य

हे का होते? कारण एकच नाही, पण काही गोष्टी डोळ्यांत भरतात.

तिथे सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे. पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा असते. कोणत्या शाळेत प्रवेश मिळतो यावर पुढचे महाविद्यालय आणि त्यावर पुढची नोकरी ठरते, असा समज घट्ट आहे. या परीक्षेच्या तयारीत ‘हेन्साची’ नावाचा एक आकडा असतो. सराव परीक्षेत सर्वांची सरासरी ५० धरून तुम्ही त्याच्या किती वर किंवा खाली आहात, ते हा आकडा सांगतो. प्रत्येक शाळेलाही असा आकडा चिकटलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाला आपला आकडा पाठ असतो, मित्राचाही माहीत असतो. शिक्षण मंत्रालयाने १९९३ साली खासगी कंपन्यांच्या सराव परीक्षा सरकारी शाळांतून हद्दपार केल्या. त्यामुळे आकडा शाळेच्या दारातून बाहेर गेला आणि खासगी शिकवणीच्या, ‘जुकु’च्या दारातून पुन्हा आत आला.

परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेचा अहवालही प्रवेशासाठी पाहिला जातो. त्यात वर्षभराचे गुण असतात, शाळेतल्या इतर कामांची नोंद असते. हेतू चांगला की एका दिवसाच्या परीक्षेवर मुलाची पारख होऊ नये. पण मुलाच्या बाजूने विचार करा. आपण हात वर केला की नाही, खेळाच्या संघात टिकलो की नाही, यातले काहीही कुठेतरी लिहिले जाईल, असे त्याला वाटत राहते. चुकायला जागाच उरत नाही.

आता दिनक्रम पाहा. सकाळी शाळा, कधी त्याआधी खेळाचा सराव. शाळा सुटल्यावर पुन्हा सराव. मग जुकु. घरी यायला पुष्कळांना रात्रीचे नऊ-दहा वाजतात. खेळाच्या सरावाचे ओझे इतके वाढले की २०१८ साली सरकारला सांगावे लागले की आठवड्यात निदान दोन दिवस सुटी द्या आणि शाळेच्या दिवशी दोन तासांहून जास्त सराव घेऊ नका. प्रौढांचीही तीच तऱ्हा. २०२१ साली श्रीमंत देशांच्या संघटनेने झोपेची तुलना केली, तेव्हा ३३ देशांत सर्वांत कमी झोपणारे लोक जपानी ठरले, सरासरी ७ तास २२ मिनिटे. वाढीच्या वयात झोपेची चोरी झाली की तिचे व्याज मनाला भरावे लागते, हे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे.

सकाळी उठताच येत नाही, उभे राहिल्यावर चक्कर येते, दुपारनंतर बरे वाटते, अशी तक्रार घेऊन तिथली कितीतरी मुले डॉक्टरकडे जातात. उभे राहताना रक्तदाब सांभाळण्याच्या क्रियेतला हा बिघाड आहे. आळस किंवा ढोंग म्हणून मुलाला दटावण्याआधी रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजावा, हा धडा आपल्याकडच्या डॉक्टरांनीही घेण्यासारखा आहे. माझ्या दवाखान्यातही सोमवारी सकाळी पोटदुखी घेऊन येणारी मुले असतात. पोट तपासून झाल्यावर शाळेची चौकशी केल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही.

आईबापांकडे पाहून

मुले आपले भविष्य पुस्तकातून वाचत नाहीत, ती घरातल्या मोठ्या माणसांकडे पाहून वाचतात. जपानची आर्थिक भरभराट १९९० च्या सुमारास कोसळली. तिथल्या कंपन्या महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना वर्षातून एकदा घाऊक भरती करतात. त्या वर्षीची गाडी चुकली तर पुढची मिळणे कठीण. १९९३ ते २००४ या काळात शिक्षण संपवलेल्या तरुणांना ही गाडी मिळालीच नाही, म्हणून त्या काळाला तिथे ‘नोकऱ्यांचे हिमयुग’ म्हणतात. नीट अभ्यास केला, सांगितले तसे वागले आणि तरी दार बंद, असा अनुभव घेतलेली ही पिढी. आजच्या चौदा वर्षांच्या मुलांचे पुष्कळसे आईबाप याच पिढीचे आहेत. आजही तिथे दर तीन नोकरदारांपैकी एकाहून अधिक जण कायम नोकरीत नाहीत. मूल रात्री जेवताना हे सगळे पाहत असते. ‘अभ्यास कर, चांगले होईल’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडावरचा थकवा त्याला वाचता येतो.

तिथल्या तरुणांनी यासाठी एक शब्दही घडवला आहे, ‘ओया-गाचा’. गाचा म्हणजे नाणे टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यात एखादे खेळणे बाहेर टाकणारे यंत्र. कोणते खेळणे पडेल ते आपल्या हाती नसते. ओया म्हणजे आईबाप. आईबाप कसे मिळाले त्यावर सगळे ठरले, आता आपण काय करणार, असा त्याचा अर्थ. २०२१ साली हा शब्द तिथल्या वर्षातल्या दहा गाजलेल्या शब्दांत निवडला गेला. आपल्याकडे म्हातारी माणसे कपाळाकडे बोट दाखवून ‘नशीब’ म्हणतात. तेच बोट तिथे पोरे दाखवू लागली आहेत.

एक विमा कंपनी दरवर्षी मुलांना मोठेपणी काय व्हायचे ते विचारते. मार्च २०२१ मध्ये तिने जाहीर केलेल्या उत्तरांत माध्यमिक शाळेतल्या मुलांचा आणि मुलींचाही पहिला पसंतीक्रम होता, ‘कंपनीत नोकरी’. यावर पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली की मुलांची स्वप्ने खुजी झाली. मला तसे वाटत नाही. महिन्याचा पगार, वेळेवर घरी येणे, छोटेसे घर, ही मागणी शहाणपणाची आहे. सगळ्यांनी क्रिकेटपटू किंवा अंतराळवीरच का व्हावे? स्वप्न लहान असण्याने कोणी आजारी पडत नाही. आजार तेव्हा सुरू होतो, जेव्हा मुलाला वाटू लागते की आपण काही केले किंवा न केले, फरक पडणार नाही. आणि एकदा पाय घसरला की पुन्हा उभे राहता येणार नाही. १८.३ टक्क्यांच्या त्या आकड्यात मला हेच दुखणे दिसते.

उपाय कुठे सापडतो

या दुखण्यावर सकारात्मक विचारांची व्याख्याने हा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ताप आलेल्याला ‘ताप आणू नकोस’ सांगण्यासारखे ते आहे. जपाननेच हळूहळू जे उपाय शोधले, ते अधिक बोलके आहेत.

तिथल्या सरकारी पाहणीत आढळले होते की १९७२ पासूनच्या चार दशकांत १८ वर्षांखालील मुलांच्या आत्महत्या १ सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक होत. उन्हाळी सुटी संपून शाळा सुरू होण्याचा हा काळ. ऑगस्ट २०१५ मध्ये कामाकुरा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने एक छोटा निरोप प्रसिद्ध केला. शाळेत जाणे मरणाइतके कठीण वाटत असेल तर ग्रंथालयात या, इथे चित्रकथाही आहेत, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही, अशा आशयाचा. हा निरोप देशभर पोचला. त्यात उपदेश नव्हता. बसायला जागा आणि न विचारण्याची हमी, एवढेच होते.

शाळांमध्येही अशी एक जागा आहे, आरोग्य-खोली. तिथे खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य-शिक्षिका असतात. वर्गात बसणे अशक्य झालेले मूल शाळेत येऊन थेट या खोलीत बसते, तिथेच अभ्यास करते. वर्ग आणि घर यांच्यामधली ही पायरी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या कायद्याने शाळेबाहेरच्या शिक्षणाचे महत्त्व आणि अशा मुलांची विश्रांतीची गरज मान्य केली. २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळांच्या आरोग्य विषयात मानसिक आजारांची माहिती सुमारे ४० वर्षांनी पुन्हा शिकवली जाऊ लागली.

मला सर्वांत आवडलेला प्रयोग ह्योगो प्रांतातला. १९९५ साली तिथल्या कोबे शहरात मोठा भूकंप झाला. १९९७ साली तिथेच चौदा वर्षांच्या एका मुलाच्या हातून घडलेल्या हत्यांनी देश हादरला. त्यानंतर १९९८ पासून त्या प्रांतातल्या माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातली मुले एक आठवडा वर्ग सोडून गावात कामाला जातात. कोणी बेकरीत, कोणी शेतावर, कोणी बालवाडीत, कोणी दवाखान्यात. पाच दिवसांत कोणी पाव भाजायला शिकत नाही. पण आपण उचललेल्या टोपलीमुळे कोणाचे तरी काम हलके झाले, आणि दुकानदाराने ‘उद्या लवकर ये’ असे म्हटले, हे चौदाव्या वर्षी कळणे फार मोलाचे आहे. आपल्यामुळे फरक पडतो, हे मुलाला हाताने कळते.

‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठीतही अनेकांनी वाचले आहे. एका शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला दुसऱ्या शाळेत तिचे सगळे म्हणणे ऐकून घेणारे मुख्याध्यापक भेटले, अशी ती खरी हकिकत. १९८१ साली आलेले ते पुस्तक जपानमध्ये लाखोंनी खपले. औषध काय, हे त्या देशाला केव्हापासून माहीत आहे. प्रश्न ते रोज देण्याचा आहे.

आपल्यासाठी

त्या नऊ देशांच्या पाहणीत आपला आकडा ८३ आला, म्हणून पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. २०२२ साली भारतात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. आशा मोठी असली म्हणून ती पेलते असे नाही. जपानी मुलाला वाटते की आपल्या हाती काही नाही. आपल्या मुलाला वाटते की सगळेच आपल्या हाती आहे, म्हणून अपयश आले तर दोष फक्त आपला. दोघांनाही हवे आहे ते एकच, चुकल्यावर परत येण्याची वाट.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की घरात तेरा-चौदा वर्षांचे मूल असेल तर वजन-उंचीबरोबर आणखी चार गोष्टी पाहा. झोप आठ तास तरी होते का? आठवड्यात एखादी संध्याकाळ रिकामी आहे का? घरातले एखादे खरे काम त्याच्यावर सोपवले आहे का, जे त्याने न केल्यास अडेल? आणि पुढच्या महिन्यातल्या एखाद्या गोष्टीची, मग ती जत्रा असो, मामाच्या गावाला जाणे असो की मित्राचा वाढदिवस, ते आपणहून आठवण काढते का? ही शेवटची आठवण बंद झाली, भूक-झोप बदलली, मूल आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा ‘मी नसतो तर बरे’ असे काही बोलले, तर थट्टेवारी नेऊ नका. रागावू नका. त्याला एकटे न सोडता जवळ बसा, सरळ विचारा आणि डॉक्टरांना भेटा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, गॅसच्या क्रमांकाशेजारी, लिहून ठेवा.